कपाटाची किल्ली मुलींकडे दे

बाय, परवा फोनवर तू विचारलंस, सातवीच्या मुली मधूनच तीन-चार दिवस शाळेत येत नाहीत, कारण विचारलं की एकमेकींकडे बघतात, तर मी काय करू? तेव्हा माझ्या आजूबाजूला माणसं होती, धड बोलता आलं नाही. आता सगळी निजली आहेत, तर सावकाश लिहिते. तू रत्नागिरी शहरात वाढलीस. न्हाणीघरात नळ, कोपऱ्यावर मेडिकल. संगमेश्वर तालुक्यात वर, सह्याद्रीच्या कुशीतल्या वाडीत राहणाऱ्या मुलीचे पाळीचे दिवस कसे जातात, हे तुला कुणी सांगितलेलंच नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की धर. पॅड मिळाले की प्रश्न सुटला, असं तुला वाटेल. पॅड हवेतच. पण मी इतक्या वाड्यांवर जे पाहिलं त्यावरून सांगते, मुली घरी राहतात ते पॅड नसतात म्हणून थोडं आणि शाळेत तो बदलता येत नाही म्हणून फार. संडासाला आतून कडी नाही. पाणी बाहेरच्या हौदातून बादलीने न्यायचं, म्हणजे आख्ख्या शाळेला कळतं कोण किती वेळा गेली. वापरलेला पॅड टाकायला जागा नाही. आणि सांगायचं कुणाला, तर वर्गावर गुरुजी. मग ती मुलगी सकाळी पोटात दुखतंय म्हणते आणि आई म्हणते, राहा घरी.

उद्या शाळेत गेलीस की त्या संडासात स्वतः जा. मुख्याध्यापकांना विचारू नकोस, कागदावर तो 'कार्यान्वित'च असेल. आत उभी राहून बघ, कडी लागते का, उजेड येतो का, दाराला फट आहे का, पाणी आहे का, हात धुवायला साबण आहे का. पिशवी अडकवायला एक खिळा तरी आहे का? खिळा ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण पावसात रेनकोट, ओढणी, नवा पॅड आणि जुना पॅड असं सगळं दोन हातांत धरून उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या पोरीला विचार.

पाण्याचं तर आपल्या जिल्ह्यात नवलच आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि फेब्रुवारी-मार्च आला की वरच्या धनगरवाड्यांवर हंडे घेऊन बायका झऱ्यापाशी रांग लावतात. जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, उतार तीव्र, नद्या आखूड, पडलेलं पाणी बघता बघता समुद्राला जाऊन मिळतं. मग उन्हाळ्यात शाळेच्या टाकीत पाणी आलं तरी ते आधी पोषण आहार शिजवायला आणि प्यायला जातं. संडासाचा नंबर शेवटचा. त्यामुळे जूनमध्ये चांगली दिसणारी सोय मार्च-एप्रिलमध्ये, ऐन परीक्षेच्या दिवसांत, बंद पडलेली असते. हजेरीपत्रक घेऊन बस आणि मुलींची गैरहजेरी महिन्यावार बघ. मुलींना चौकशीला उभं न करता तुला बरंच काही कळेल.

आणि एसटीचं लक्षात घे. सातवीनंतर या मुली खालच्या गावातल्या माध्यमिक शाळेत जाणार. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास त्यांना मिळतो, फार चांगली गोष्ट आहे ती. पण गाडी सकाळी एक आणि संध्याकाळी एक. अकरा वाजता स्कर्टला डाग पडला तर ती घरी जाणार कशी? पाच वाजेपर्यंत बाकावरून उठायचंच नाही, पाणी प्यायचं नाही, लघवीला जायचं नाही, असं ठरवून बसते ती. लघवी तुंबवून मग जळजळ आणि ताप. म्हणून तुझ्या हातात आहेत तोवरच त्यांना तयार कर.

आता बोलायचं कसं ते सांगते. पुस्तकावर विसंबू नकोस. मासिक पाळीचं चक्र आपल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात येतं आणि पाळी येते सहावी-सातवीत, कुणाला पाचवीतही. त्या तीन-चार वर्षांत मुलीला जे कळतं ते कुजबुजीतून कळतं. तेव्हा पाचवीच्या मुलींपासून बस. आरोग्याचा तास म्हणून फळ्यावर मोठं शीर्षक लिहू नकोस, त्यांना कोंडल्यासारखं होतं. शनिवारी शाळा लवकर सुटते तेव्हा पडवीत घेऊन बस, हाताला काहीतरी काम दे, कापडी पिशव्या शिवायला घे, आणि बोलता बोलता सांग. कुणाला पाळी आली आहे, हे मात्र कधीही हात वर करायला लावून विचारू नकोस.

सांगायचं ते सरळ. दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान कधीही पाळी येऊ शकते. गर्भाशयाचं आतलं अस्तर दर महिन्याला तयार होतं आणि लागलं नाही की बाहेर पडतं, तेच ते रक्त. ते घाण नाही, विटाळलेलं नाही, अंगातला दोषही नाही. पूर्ण पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे चहाच्या छोट्या कपाच्या निम्म्याहून कमीच. मुलींना वाटतं घागरभर गेलं, म्हणून हा आकडा मुद्दाम सांग, त्यांची भीती उतरते. पहिली दोन वर्षं तारीख मागेपुढे होणारच, कधी एकवीस दिवसांनी, कधी पंचेचाळीस. पण तासा-दोन तासाला पॅड भिजून जातोय, सात दिवसांच्या वर चाललंय, तीन-तीन महिने येतच नाही, दर महिन्याला दुखण्याने लोळावं लागतंय किंवा पंधरा उलटूनही पहिली पाळी आलेली नाही, तर ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. किशोरवयीनांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यातली 'मैत्री' क्लिनिक याच वयासाठी आहेत. आशाताईला विचार, जवळचं कुठे ते ती सांगेल.

मुलग्यांना वगळू नकोस. आधी मुलींशी वेगळं बोल, त्यांचा धीर वाढू दे, मग सगळ्या वर्गाशी. डाग दिसला की हसणारा मुलगा बहुतेक वेळा काहीच माहीत नसलेला मुलगा असतो. आणि गुरुजींनाही सांगून ठेव, मुलीने 'बाहेर जाऊ का' विचारलं की कारण विचारायचं नाही, जाऊ द्यायचं.

एक कठोर गोष्ट लिहिते, कारण तू शिक्षिका आहेस. २०२५ च्या जुलैमध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या एका शाळेत संडासात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींना कपडे उतरवायला लावून तपासलं गेलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली, पोक्सोखाली गुन्हा नोंदला गेला. त्या मुलींना शाळेने काय शिकवलं, याचा विचार करताना मला अजून झोप लागत नाही. तुझ्या शाळेत कधी फरशीवर डाग दिसला, तर कुणाचा ते शोधायचं नाही. पाणी टाकायचं, फरशी धुवायची आणि टाकीत पाणी होतं का ते तपासायचं.

शरीराबद्दल मोकळं बोलणं म्हणजे कोकणाबाहेरचं खूळ, असं कुणी म्हणालं तर त्याला दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्व्यांची आठवण दे. धोंडो केशवांनी बायकांच्या शिक्षणाला आयुष्य दिलं. त्यांचे चिरंजीव रघुनाथराव यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, या कामापायी नोकरी गमावली, कोर्टाच्या पायऱ्या चढल्या. मराठीत हे सगळं लिहिता येतं हे त्या घराने दाखवून जवळजवळ शंभर वर्षं झाली. आपण अजून पॅड कागदात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतोय.

आता घरचं. इथे तुझी खरी कसोटी आहे, कारण तू तापट आहेस. वाडीतल्या बऱ्याच घरांत पाळीत मुलगी बाहेर बसते. चुलीपाशी जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात नाही, तुळशीला पाणी नाही. तू उद्या उठून आजीशी भांडायला गेलीस तर आजी नातीला तुझ्या शाळेत पाठवणं बंद करील आणि भांडण तू हरशील. माझं मत विचारशील तर घरच्या देवाऱ्याचा वाद आज घालू नकोस. तो त्या मुली मोठ्या झाल्या की स्वतः घालतील, आणि घालतातच, मी पाहिलंय. पण शाळेच्या उंबरठ्याच्या आत शिवाशीव येऊ द्यायची नाही, यावर एक पाऊलही मागे घेऊ नकोस. पिण्याच्या पाण्याचा माठ असो, पोषण आहाराची पंगत असो, सरस्वतीपूजन असो, कवायत असो, कुठेही मुलीला बाजूला बसवायचं नाही, आणि ती स्वतःहून बाजूला बसली तर हाताला धरून आत आणायचं.

घरात मात्र दोन बाबतीत बोलायलाच हवं. एक म्हणजे तिची झोप. पडवीत गार भुईवर नुसत्या गोणपाटावर पावसाळ्यात निजवतात, दाराला कडी नाही, सापाकिरड्याचे दिवस. तिथे आईला गाठून सांग, बाजूला निजव हवं तर, पण खाटेवर, घोंगडी देऊन, घराच्या आत. दुसरं तिचं जेवण. त्याच दिवसांत तिला कमी वाढलं जातं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींचं रक्त कमी आढळलं, देशभराचा आकडा आहे हा. शाळेत आठवड्याला जी लोहाची निळी गोळी येते ती जेवणानंतर तुझ्यासमोर गिळायला लाव. शौचाला काळं होतं म्हणून मुली घाबरून गोळी कुंपणापलीकडे फेकतात, तेव्हा ते होणारच हे आधी सांग. गोळीवर लगेच चहा नको, आमसुलाचं सार किंवा आवळा चालेल. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, सुकट, पावसात उगवणारा टाकळा, हे सगळं त्यांच्याच घरात आहे. बाहेरून काही आणायला नको.

गौरी-गणपती जवळ आले की आणखी एक प्रकार बघशील. घरात गणपती, गौरीचा ओवसा, मुंबईची माणसं आलेली, आणि मुलीची तारीख नेमकी तेव्हाच. मग मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणून चौदा वर्षांच्या पोरीला देतात. काकू घेते तीच गोळी पुतणीला. नॉरइथिस्टेरॉन म्हणजे संप्रेरक आहे ते, डोकेदुखीच्या गोळीसारखं नव्हे. काही जणींना त्याने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका असतो, आणि गोळ्या थांबल्या की पाळी कधी फार जोरात येते. ज्या मुलीची पाळी अजून बसतेच आहे तिला डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ती देऊच नये. पालकसभेत हे श्रावणातच सांग, गणपतीच्या आदल्या दिवशी कुणी ऐकत नाही.

कापड की पॅड, हे तुला विचारतीलच. कापडाला नावं ठेवू नकोस. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते चोवीस वयाच्या निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं होतं, काही दोन्ही वापरतात. सुती, मऊ, गार पाण्यात आधी खळबळून मग साबणाने धुतलेलं आणि कडक उन्हात वाळवलेलं कापड अगदी चांगलं. पुण्याची 'समाजबंध' संस्था जुन्या सुती कपड्यांतून असे पॅड शिवते. पण कोकणात जून ते सप्टेंबर ऊन आणणार कुठून? घडी दमट राहते, वास मारतो, आणि लाजेपोटी ती वळणीवर साडीच्या खाली दडवली जाते, म्हणजे वाराही नाही. मग जांघेत खाज, पुरळ. म्हणून माझा सल्ला असा, पावसाळ्यात पॅड, दिवाळीनंतर ज्यांना हवं त्यांना कापड. पावसात कापडच वापरावं लागलं तर चुलीच्या उबेला वाळवून वर गरम इस्त्री फिरवायची. काही असो, चार ते सहा तासांनी बदलायचं. ओला गणवेश अंगावर तसाच ठेवून दिवसभर बसू द्यायचं नाही, शाळेत दोन-तीन कोरडे स्कर्ट आणि निकर ठेव.

ते ठेवायचे कुठे? वर्गातल्या कपाटाचा एक कप्पा घे. पॅड, निकर, साबणाची वडी, जुनी वर्तमानपत्रं, दोरा, आणि सगळं पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, नाहीतर बुरशी येते. आणि किल्ली तुझ्याकडे ठेवू नकोस, गुरुजींकडे तर नकोच. सातवीच्या मुलींकडे दे. किल्ली मागायला यावं लागलं की मुली येत नाहीत, डाग घेऊन बसून राहतात. डब्यातलं किती संपलं तेही त्याच लिहितील. दोन जास्त गेले तर जाऊ देत, घरी बहिणीला नेले असतील.

पॅड कुठून आणायचे ते थोडक्यात. ८ मार्च २०१८ ला राज्याने अस्मिता योजना काढली, जिल्हा परिषद शाळेतल्या अकरा ते एकोणीस वयाच्या मुलींना बचत गटामार्फत आठ पॅड पाच रुपयांत. पुरवठा सगळीकडे सारखा टिकला नाही, तुझ्या केंद्रात काय स्थिती आहे ते बचत गटाच्या ताईंना विचार. आशाताईकडे सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना ठरलेलं आहे. जनऔषधी केंद्रात २०१९ पासून 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळतो, तालुक्याला गेलीस की घेऊन ये. एका योजनेच्या भरवशावर डबा रिकामा ठेवायचा नाही, एवढंच.

वापरलेल्या पॅडचं मात्र नीट ठरव, तिथेच सगळे गोंधळतात. तो संडासात टाकला की शोषखड्डा तुंबतो. पऱ्यात टाकला की खालच्या वाडीच्या विहिरीपाशी जातो. उघड्यावर जाळला तर आतल्या प्लास्टिकचा विषारी धूर. कापडावरून साप गेला तर मूल होत नाही, असं आजी सांगतात म्हणून मुली वापरलेला पॅड दप्तरात घालून घरी नेतात, बघ कशी अवस्था. साप आणि मूल यांचा काहीही संबंध नाही, हे स्पष्ट सांग. संडासाच्या आतच झाकणाची बादली, कागदात गुंडाळून टाकायची सवय, आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला खोल झाकलेला खड्डा. जांभ्याच्या फटींतून वरची घाण खाली झिरपायला वेळ लागत नाही, म्हणून जागा निवडताना गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घे. विजेवर चालणारं जाळायचं यंत्र कुणी देणगीत देऊ केलं तर आधी विचार, पावसात चार-चार दिवस लाईट नसते तेव्हा काय करायचं.

तुझं मागणं भीक नाही. मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहेत. ३० जानेवारी २०२६ ला तर सर्वोच्च न्यायालयाने मासिक पाळीतलं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि शाळांत मोफत पॅड आणि चालू स्थितीतली वेगळी स्वच्छतागृहं द्यायला सांगितलं. शाळेच्या सोयींसाठी अर्ज करशील त्यात हे लिही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असा नियम आहे. तुझ्या समितीतल्या बायका सही करण्यापुरत्या येत असतील, त्यांना त्या संडासात नेऊन उभ्या कर. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तिथे ठराव करून घे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीत ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले होते, त्यातलं शाळेवर काय खर्च झालं, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी विचार. चिडून नको, पण लेखी.

आणि आपल्या कोकणातला हमखास मार्ग तुला ठाऊक आहे. प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ असतं. देवळाच्या सभामंडपाला ते लाखांनी जमवतात, कारण कुणीतरी त्यांच्याकडे नीट मागितलेलं असतं. शाळेच्या टाकीसाठी, संडासापर्यंतच्या नळासाठी कुणी कधी मागतच नाही. गणपतीत सगळे गावात असतात आणि मंडळाची बैठक होते. त्याआधी शिकलेल्या दोन आयांना बरोबर घेऊन अंदाजपत्रक काढ: हजार लिटरची टाकी, पाईप, कड्या, खिळे, झाकणाची बादली. रक्कम बघून त्यांनाच नवल वाटेल. बैठकीत तू एकटी बोलू नकोस, एखाद्या मुलीच्या आजीला बोलू दे, तिचं कुणी खोडणार नाही. अंदाजपत्रक झालं की मला फोटो काढून पाठव, मी आकडे तपासून देते. आणि अंदाजपत्रकासोबतच्या पत्रात 'मुलींची अडचण' असं गुळमुळीत काही लिहू नकोस, 'मासिक पाळी' असंच लिही.